फोटोच्या मागच्या बाजूला

सृष्टी : बाबा, हा शिक्रा नाहीये.

रंगनाथ : तुझ्या कंपनीने आता पक्षी ओळखायचंही कंत्राट घेतलं वाटतं.

सृष्टी : टोमणे नकोत. इंटरनेटवर दोघा जाणकारांना फोटो पाठवून विचारलं. दोघंही म्हणाले, पावशा.

रंगनाथ : ते दोघं आपल्या शेवग्याखाली उभे होते का? मी होतो. सव्वा तास, कॅमेरा घेऊन. समोर तेव्हा ऊस होता. आता तिथे तुमच्या काचेच्या इमारती झाल्यात. त्या उसातून येऊन बसला होता तो. आणि खाली बघ, तुझ्या आईने स्वतःच्या हाताने लिहिलंय, शाईने. शिक्रा.

सृष्टी : तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं. या आल्बममधलं प्रत्येक नाव तुम्ही सांगायचात आणि आई लिहायची.

रंगनाथ : अक्षर चांगलं होतं तिचं.

सृष्टी : पुढच्या मंगळवारी तिचं वर्षश्राद्ध. तोवर सगळे फोटो पक्ष्यांच्या साइटवर चढवायचेत, तिच्या नावाने. नाव चुकलं तर लोक तिला हसतील.

रंगनाथ : नाव बदलायचं नाही. तू आपलं स्कॅन कर.

सृष्टी : आल्बमसकट नीट येत नाही. फोटो सोडवावे लागतायत.

रंगनाथ : फाडशील. घरची खळ आहे ती, मोरचूद घालून केलेली. चिकटली की चिकटली.

सृष्टी : तीन सुटलेसुद्धा. आईने फक्त चार कोपऱ्यांना बोट लावलंय. मध्ये कोरडं आहे.

रंगनाथ : खळीत कसली काटकसर करायची ती?

सृष्टी : काटकसर नाही, बाबा. मागे लिहिलंय. पेन्सिलने.

रंगनाथ : तारीख असेल.

सृष्टी : चष्मा देऊ?

रंगनाथ : तूच वाच.

सृष्टी : 'पावशा. शिक्र्याची चोच आकड्यासारखी असते, याची जवळजवळ सरळ आहे. १९ जून ९४.'

रंगनाथ : रविवार होता तो.

सृष्टी : इतकं आठवतंय?

रंगनाथ : ऑफिसमधला बापूराव आला होता, आणखी दोघं होते. मेहबूबभाईंच्या स्टुडिओतून आदल्या दिवशीच प्रिंट आणली होती, ती दाखवत होतो. जया पोह्यांच्या बशा घेऊन आली. म्हणाली, अहो, मला हा पावशा वाटतोय, आठवडाभर ओरडतोय मागे.

सृष्टी : मग?

रंगनाथ : मी म्हणालो, तुला फोडणीतली मोहरी ओळखता येते तेवढं पुरे. सगळे हसले. तीही हसली.

सृष्टी : तुम्ही बोललात असं?

रंगनाथ : गंमत म्हणून बोललो. त्यानंतर तिने कधी पक्ष्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, पटलं तिला.

सृष्टी : आई भाजीला जाऊन दोन दोन तास यायची नाही, आठवतं? पिशवीत मेथीखाली लायब्ररीचं जाड पुस्तक असायचं. मला वाटायचं, कादंबरी असेल.

रंगनाथ : दुसरा फोटो वाच.

सृष्टी : राहू द्या ना.

रंगनाथ : वाच म्हटलं ना.

सृष्टी : पुढे आहे, 'हळद्याचं पिल्लू'. मागे, 'सुभग. स्वतः अंड्यांवर बसलाय, पिल्लू कसलं?'

रंगनाथ : असं बोलायची ती?

सृष्टी : माझ्याशी बोलायची.

रंगनाथ : तिसरा?

सृष्टी : पुढे 'तांबट'. मागे, 'तांबटच. हे बरोबर.'

रंगनाथ : म्हणजे तपासायची. मी नाव सांगायचो, ती मान खाली घालून लिहायची, आणि मला वाटायचं मी हिला शिकवतोय. लाज वाटते गं, सृष्टी. एकदा जरी तोंडावर म्हणाली असती...

सृष्टी : एकदा म्हणाली होती, बाबा.

(रंगनाथ आल्बम स्वतःकडे ओढतो. मग दोघं मिळून एकेक फोटो सोडवू लागतात. दुपार उलटून जाते.)

रंगनाथ : साइटवर सगळी नावं तिची घाल. मागची.

सृष्टी : घालते. आता हा एकच राहिला. गेल्या वर्षीचा, जानेवारीतला. त्यानंतर लगेच दवाखाना सुरू झाला.

रंगनाथ : पेरूवर होता हा. ती खुर्ची टाकून बसली होती बाजूला, शाल घेऊन. मी पुढे काय सांगितलं होतं?

सृष्टी : 'वटवट्या'.

रंगनाथ : आणि मागे?

सृष्टी : अक्षर हललंय इथे. 'हा मला ओळखता येत नाही. पुस्तकातही सापडला नाही. यांना विचारावं का?'

रंगनाथ : विचारलं नाही तिने.

सृष्टी : वटवट्याच आहे का हा?

रंगनाथ : कोणास ठाऊक. पानाआड अर्धाच दिसतोय. तोंडाला आलं ते सांगितलं होतं मी.

सृष्टी : मग साइटवर काय लिहू?

रंगनाथ : साइटचं नंतर बघू. तिच्या ओळीखाली जागा आहे का?

सृष्टी : आहे थोडी.

रंगनाथ : पेन्सिल दे.

सृष्टी : मी लिहिते, तुम्ही सांगा.

रंगनाथ : नको. सांगून झालं सगळं आयुष्य. मीच लिहितो.

सृष्टी : हळू, दाबू नका. पुढच्या बाजूला उमटेल. काय लिहिताय?

रंगनाथ : 'जया, मलाही माहीत नाही.'