काचेतली सवत

हासू नका, मले सवत आहे. आमच्या यांनी काचेच्या टाकीत समुद्रासारखं खारं पाणी केलं अन् वाळूवर थाळीसारखं गुलाबी पोवळं आणून ठेवलं. जिवंत असते ते! हे त्याले राणी म्हणतात, चिमट्यानं झिंगा भरवतात. मले कधी "जेवली का?" नाई विचारलं.

परवा हे आष्टीले लग्नाले गेलते. भर दुपारी लाइन गेली, कूलर बंद. मी फोन केला.

"पाणी तापलं त राणी मरन! टाकीवर वारा घाल."

"मी इथं उकडून मरून राह्यली. मले कोण वारा घालन?"

"अवं, तू वर्ध्याची आहेस. तिले कुठं सवय आहे उन्हाची?"

घातला बाई वारा. पण तोंड भिंतीकडं करून.