काशी नको, मिग बघायचंय

हॅलो?... हॅलो, कोण?... सुवर्णा व्हय. बोल गं बाई. थांब, टीव्ही बारीक करते... हां, बोल आता.

जेवले की. मेथी न् भाकर... तू?... मग असा नाकातनं आवाज का काढतीस?

कुणी सांगितलं?... सावळ्या तिथं आलाय व्हय. सकाळी कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावला गेला तो. लिलाव झाला का त्याचा?... बरं झालं. म्हणजे कांदा इकला, बहिणीच्या घरी ताटावर बसला आन् भाकरीबरोबर आईच्या चहाड्या तोंडी लावल्या. असंच ना?

व्हय, खरं हाय... व्हय, काशीला जायचं नाय म्हणले... व्हय, इमानं बघायला जायचं म्हणले. दोन्ही मीच म्हणले, शुद्धीत म्हणले.

अगं ऐक ना... हो, हो... अगं, माझं ऐकून तर घेशील...

बंगळूरला. आपल्या गोजराबाईची लेक तिथं दिलीय ना, तिच्या घराजवळ मोठं मैदान हाय. तिथं जुनी लढाईची इमानं येणार हायेत, लोकांना बघायला. आधी उडवून दाखवणार, मंग खाली आणून लायनीनं उभी करणार. त्या पोरीनं मोबाईलवर दाखवलं गोजराबाईला, गोजराबाईनं मला. पार जवळ जाऊन देतात म्हणं. हात लावून देतात... काय म्हणजे काय? इमानाला हात. ते काय लाथ मारणार हाय का?

मी आन् गोजराबाई... दोघीच. का, बायकांना गाडीत घेत नायत का आता?... मनमाडहून. तिकटं निघाली. गोजराबाईच्या जावयानं काढली, खालची शिटं मिळाली दोघींना. तिकडं उतरवून घ्यायला तिची लेक येणार हाय. आपण काय चंद्रावर चाललोय का?

हां, आता तूबी तेच बोल. सावळ्याबी तेच बोलला, "ओझरचा मिग इमानांचा कारखाना उशाला असताना बंगळूरला कशाला?" अगं, उशाला हाय, पण भिंतीच्या आत हाय. आत काय कुणीबी उठून जात नाय, न् जाऊबी नये. आपल्या वाट्याला काय, तर आवाज. रानावरनं जातं, गोठ्याचा पत्रा थरथरतो, म्हैस पान्हा चोरती. एवढीच वळख. लग्न होऊन जानोरीत आले तवापासून शेजारी हाय ते, आन् मी नुसतं त्याचं पोट बघितलं खालनं. तोंड बघायचंय एकदा.

हसू नको. हसायला काय झालं?

काशी काय पळून चाललीय का? ती होती तिथंच हाय, न् राहणार हाय. ही जुनी मिग फौजेतनं रिटायर झाली आता, नुसती दाखवायला उडवणार. उद्या मोडून भंगारात घातली तर मी कुणाचं तोंड बघू? 

लोकांचं सोड. लोक उभं राहिलं तरी बोलतात, बसलं तरी बोलतात...

कोणतं मावंदं? कुणाचं?... तेच विचारते मी. अगं, माणूस काशी करून येतं, गंगेचा गडू आणतं, त्याची पूजा होती, मंग गावाला गोड जेवण. म्हणजे आधी जाणं, मंग जेवणं. तुझ्या भावानं जेवणं आधी सांगून ठेवलं. पारावर बसला, चार माणसं "वा, सावळीराम" म्हणली, की ह्याची छाती फुगली. उचलली जीभ लावली टाळ्याला. आचारी सांगितला, मांडववाल्याला सांगितलं, पाव्हण्यांना फोन केले. सगळ्या गावाला ठाऊक, आन् जिनं काशीला जायचं तिलाच ठाऊक नाय.

मला कुठं कळलं माहितीय का? गिरणीत. दळण घेऊन बसले होते. तर लताबाई विचारती, "मावशी, मावंद्याला बुंदी ठेवली का जिलबी?" मी म्हणले, कुणाचं गं मावंदं? तर म्हणती, "तुमचंच की." अख्खी गिरणी हसली. बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी, त्यातली गत.

नाय, त्याचा राग नाय म्हणत मी... हाय, जरा हाय राग. का नसावा? म्हशीला बाजारात न्यायचं तरी तिला दोन घास चारून नेतात. मला कुणी इचारलं, "आई, तुला कुठं जायचंय?" सत्तरी उलटली माझी. आजवर कुणी इचारलं नाय. माहेरी बापानं सांगितलं, सासरी सासूनं सांगितलं, आता तुम्ही सांगताय. आता न इचारता मीच सांगते.

गुडघे?... अगं गुडघे दुखतात म्हणूनच. काशीला घाटाच्या पायऱ्या किती, इमानाचं मैदान कसं सपाट. तूच बघ कुठलं सोपं.

बूट घेतले ना. नाशकात द्वारका चौकात उतरून, पोरं घालतात तसले, पांढरे. दुकानदार म्हणला, "आजी, नातवाला का?" मी म्हणले, नातवाचे पाय मोठे हायेत, माझ्या पायाचं दाखव... लुगड्याखाली चांगले दिसतात. नाय दिसले तर खाली बघू नका.

हां, आता काढलीस माझी चक्कर. कधीची वाट बघत होते मी, की त्यावर कधी येतीस... 

घेते गोळ्या... घेते गं. डॉक्टरनं लिहून दिल्यात त्या घेते... अंगणात बसले होते परवा, पडले नव्हते. बसण्यात न् पडण्यात फरक असतो... सूनबाईला काय वाटलं ते तिला वाटलं...

सुवर्णा, एक काम कर. सावळ्या शेजारीच बसलाय ना? मघापासून त्याचं खुसुरफुसुर ऐकू येतंय मला, "हे विचार, ते विचार". दे त्याला फोन... दे. घाबरत असंल तर स्पीकरवर टाक... नाय, मी ओरडत नाय. दे.

हां. बोला, सावळीरामभाऊ...

मग काय म्हणू? गावचं जेवण घालणारा माणूस, भाऊच म्हणायला पायजे.

बोल... हां... हां... ऐकतीय...

झालं बोलून?... नाय झालं? मंग बोल अजून.

सावळ्या, एक सांग. माझी काशी, का तुझी?... थांब. उत्तर देऊ नको, मीच देते. तुझा बाप गेला, त्याची काशी राहिली. औंदा नेतो, पुढल्या साली नेतो, द्राक्षाला भाव आला की नेतो, असं करता करता गेला तो. तवापासून तुझ्या मनाला काटा हाय... मला ठाऊक हाय रे. मी काय आंधळी हाय का? दरसाली पित्राला पान वाढताना तुझे डोळे भरतात. पण बाळा, तो काटा तुझ्या पायात हाय. माझे पाय काशीला नेऊन तो निघायचा नाय. तू जा. बापाच्या नावानं डुबकी मार, मनासारखं रडून घे, गडू घेऊन ये. मी इथं मावंद्याला पाट मांडून ठेवते. मला कशाला मधी धरतोस?



नाय, येड लागलं नाय मला. कुणी नादाला लावलं नाय. गोजराबाई मला काय नादाला लावती, ती फुलांच्या पाटीवर बसून पेंगती. हे माझंच हाय, लय जुनं हाय. तू झोळीत होतास तवाचं.

सांगू? हसणार नाय ना?... सुवर्णालाबी सांग, हसू नको म्हणावं.

पाकिस्तानच्या लढाईचं साल होतं, एकाहत्तरचं. तू तान्हा. गावात दवंडी फिरली, की इमानाचा आवाज आला तर जिथं असाल तिथं पालथं पडा, पोरं पोटाखाली घ्या. दुसऱ्या गावांना ठीक होतं रे. त्यांच्याकडं इमान यायचं कधी? आपल्याकडं दिवसभर. आपलीच इमानं, आपल्याच भिंतीआडनं उडायची न् आपल्याच भिंतीआड उतरायची. पण खालनं कसं कळावं, आपलं कोणतं न् परकं कोणतं? दवंडीवाल्यानं ते काय सांगितलं नव्हतं. मंग आम्ही सगळ्याच बाया पडायचो. टमाट्याच्या वाफ्यात, कांद्याच्या रोपात, जिथं असू तिथं. बांधावर बाभळीला तुझी झोळी. आवाज आला की खुरपं टाकायचं, तुला ओढून काढायचं, न् तुझ्यावर आडवं व्हायचं. तू खालनं कोकलायचास. कान फाटायचे. मी तुझं डोकं असं हनुवटीखाली दाबून धरायची.

हां... तुझा बाप? तो हसायचा. बांधावर उभा राहून हसायचा. म्हणायचा, "सगुणे, ऊठ, आपलंच हाय."

मंग लढाई संपली. बाकीच्या बाया उठल्या, पदर झटकला, कामाला लागल्या. मी नाय उठले रे, सावळ्या. तू चालायला लागलास तरी मी पडायची. सुवर्णा झाली, तिच्यावर पडायची. बाया चेष्टा करायच्या, "सगुणा, आज किती वेळा?" मंग लाज वाटायला लागली, तशी पडायचं सोडलं न् बसायला शिकले. आवाज आला की पायातला काटा काढायचा. चुंबळ सोडायची, परत बांधायची. कुणाला कळू नये म्हणून.

अजूनबी... व्हय, अजूनबी. परवा अंगणात बसले ती चक्कर नव्हती. वरनं इमान गेलं, आन् माझे गुडघे आपसूक मोडले. तुम्ही डॉक्टर आणला. त्यानं गोळी दिली, मी घेतली. काय सांगणार होते त्याला, पन्नास वर्षांपूर्वीची दवंडी अजून माझ्या कानात चालू हाय म्हणून?

सुवर्णाला मघाशी म्हणले, इमानाचं पोट बघितलं. खोटं बोलले. पोटबी नाय बघितलं. मी नुसती माती बघितली.

   

नाय रे, तुझं काय चुकलं त्यात? तुला कसं ठाऊक असणार? मी कुणाला सांगितलंच नाय. सांगितलं असतं तर परत हसलं असतं कुणीतरी... तू नसता हसला. बरं. तू नसता हसला.

म्हणून जायचंय. ते डोक्यावरनं जाईल, न् मला उभं राहायचंय. मान वर करून. मंग ते खाली येऊन उभं राहील, तवा त्याच्यासमोर जायचं, तोंडाला तोंड. बस, एवढंच काम हाय माझं तिथं.

पडले तर पडले. चारचौघांत पडंन, उठंन, परत उभी राहीन. दिवसभर इमानं उडणार हायेत, एक चुकलं तर दुसरं. कुठंतरी जमंल.

मावंदं मोडू नको तू. गावाला सांग, आई जाऊन आली की घालतो. लोकांनी इचारलं, कुठं जाऊन आली, तर सांग, जिथं तिला जायचं होतं तिथं. पानात बुंदी पडली की कुणी गडूची चौकशी करत नाय. आन् काशीला येते की मी. पुढल्या साली येते, तुझ्या संगती, तुझा हात धरून पायऱ्या उतरते. पण आधी हे.

काय म्हणलास?...

तू येतोस? बंगळूरला?

नको.

नाय रे, रागावून नाय म्हणत. तिकीट मिळंल का नाय त्याचा सवाल नाय. ऐक... अरे ऐक, सावळ्या. तू शेजारी उभा असलास, न् तो आवाज आला, तर मी उभी राहणार नाय. मी तुझ्यावरच पडंन. टक्कल पडलंय तुझं, पोट सुटलंय, तुझी पोरं कॉलेजात गेली, तरी मी पडंन. ते माझ्या हातात नाय. म्हणून तू नको, सुवर्णाबी नको. गोजराबाई ठीक हाय, तिच्यावर काय मी पडायची नाय. एकदा मला पोटाखाली कुणी नसताना उभं राहू दे.

हां... हां, कळलं ना?

मनमाडपर्यंत चल. बॅग चढवून दे, खिडकीतनं पाण्याची बाटली दे. आन् गाडी हलली की माघारी फीर, फलाटावर रडत उभा राहू नको.

हां. ठेव आता.