चोवीस बिटांचा मेहुणा

…आणि वर हा मेहुणा मलाच म्हणतो, "दाजी, श्वास जरा बेतानं घ्या!" अहो, घर माझं, खुर्ची माझी, नाक माझं, आणि श्वास याला विचारून घ्यायचा? तुम्हाला सांगतो, फ्रिज बंद, पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून शेजारी नेऊन ठेवलेलं, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना हा सांगून आला, "आज दुपारी चालू नका." काकू म्हणाल्या, "मग काय उडू?" …पण उपकार आहेत हो त्याचे!

झालं काय, आमच्या हिची पायपेटी. मूळ सासूबाईंची. त्या गेल्या, पेटी आमच्याकडे आली, आणि तिच्यावरच ही मुलांना गाणं शिकवायची. आता भाता जागोजागी चिरलेला. पेटीचा हो! दुरुस्तीवाला आला, आत डोकावला आणि डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेतात ना, तसं मला बाजूला घेऊन म्हणाला, "आहे तोवर आहे. ठिगळ लावायला गेलो तर उरलेलंही हातात येईल." हिनं नेमकं ऐकलं. पेटीवर चादर घातली, क्लास बंद. घरात शब्द उरले दोन, "जेवा" आणि "झोपा".

मग मी शहाणा! एक जुना कीबोर्ड आणला, त्यात आयते पेटीचे सूर भरून घेतले. हिनं एक पट्टी दाबली. "ही पेटी नाही, डब्यात कोंडलेली माशी आहे." झालं! मेहुण्याला… म्हणजे हिचा धाकटा भाऊ, रेकॉर्डिंगचं काम करतो… त्याला फोनवर ऐकवलं, तर किंचाळलाच. "दाजी, आठ बिट! अहो, आवाजाच्या चढउताराला पायऱ्या असतात असं समजा. आठ बिटांत अडीचशेच, सोळांत पासष्ट हजार, चोवीसांत कोटीच्या वर! पायऱ्या मोठ्या असल्या की सूर उतरताना धडपडतो." म्हटलं, "मीही धडपडतो बाबा, मला कुठल्या बिटात घालतोस?" ऐकतोय कोण? दुसऱ्या दिवशी माईक घेऊन दारात हजर! उपकार, दुसरं काय?

"मला बघवणार नाही. एकदाच काय ते उरका, नंतर पेटीला हात लावू नका," म्हणून ही मैत्रिणीकडे गेली, आणि सापडलो मी! एकेक सूर मी वाजवायचा, हळू, मध्यम, जोरात. भाता रिकामा होऊन सूर पुरता विझेपर्यंत हलायचं नाही. एकदा मी पापणी मिटली, तर हा माझ्याकडे असा बघतोय की जणू मी भांडं पाडलं!

सगळं चोवीस बिटांत झालं, आणि मग म्हणतो, "कीबोर्डला सोळाचीच फाईल चालते. उतरवू, पण आधी त्यात थोडी खरखर घालतो." खरखर? अरे, काकूंना उडायला लावलंस, आणि आता स्वतःच्या हातानं खरखर? म्हणतो, "त्यानं पायऱ्यांच्या कडा बुजतात, ऐका तरी." कीबोर्डचा आवाज वाढवला. आधी खरखर न घालता… सूर छान निघाला, पण विझता विझता शेवटाला चुरचुर, चुरचुर, पापड मोडल्यासारखा. मग ती चिमूटभर खरखर घालून… आणि तुम्हाला सांगतो, सूर असा अलगद गेला, की कधी संपला कळलंच नाही.

तेवढ्यात दारातून ही कडाडली, "हात लावू नका म्हटलं होतं ना! भाता फाटेल! आईची…" आणि थांबली. पेटीवर झाकण, झाकणावर चादर. ही चादरीकडे बघतेय, कीबोर्डकडे बघतेय, भावाकडे बघतेय. चपलाही न काढता खाली बसली. म्हणाली, "परत वाजव." त्यानं वाजवलं. मी चष्मा पुसायला घेतला… धूळ फार हो आमच्याकडे.

आता क्लास पुन्हा सुरू आहे, मूळ पेटी कोपऱ्यात आराम करतेय, आणि "जेवा"च्या पुढे "आज वांगी चांगली झालीयेत" इथवर गाडी आलीय. उपकार आहेत हो, खरंच आहेत! आणि म्हणूनच परवा जेव्हा तो म्हणाला, "दाजी, ताई सांगते तुमचं घोरणं फार दुर्मीळ आहे, एकदा रेकॉर्ड करू, फक्त सोळात मावायचं नाही," तेव्हा काय करणार? उशी सारखी केली आणि म्हटलं, "लाव बाबा माईक."