पात्यासकट गाडी

अल्डेरिक : चेसी गेलीय हिची, लोरेट. बोट लावलं की पापुद्रे निघतायत. हे बघ.

लोरेट : तो चिखल आहे. हात पूस आणि पुन्हा बघ.

अल्डेरिक : आणि पुढून बसलीय. अर्धा टन माल नेणारी हलकी गाडी ही, बाजारहाट करायची. तिच्या नाकावर एवढं जड पातं बांधून रोझेरनं सहा हिवाळे बर्फ ढकलला. स्प्रिंगा राहतील कशा?

लोरेट : स्प्रिंगा मागच्या वर्षी नव्या घातल्यात. टॉर्च धरून मीच बसले होते इथे.

अल्डेरिक : गिअरबॉक्सच्या ऑइलला जळका वास येतोय.

लोरेट : तू अजून बॉनेट उघडलेलं नाहीस, अल्डेरिक.

अल्डेरिक : अंदाज सांगितला. अशा गाड्यांचं तेच होतं. हे बघ, मी सरळ माणूस आहे. तू मागतेस त्याच्या निम्मे देतो, पात्यासकट. रोझेर गेला, आता ही दारात उभी ठेवून काय करणार तू?

लोरेट : महिना झाला त्याला जाऊन. एवढ्यात काही बिघडत नाही गाडीचं.

अल्डेरिक : मी आल्यापासून बघतोय, तू तोडूनच बोलतेयस. मी काही परका नाही. तुझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ होतो. शवपेटीला खांदा दिलाय मी.

लोरेट : दिलास. तेव्हा मला माहीत नव्हतं.

अल्डेरिक : काय माहीत नव्हतं?

लोरेट : फेब्रुवारीत रोझेर हॉस्पिटलमध्ये होता. तपासण्या चालू होत्या, डॉक्टर अजून काहीच बोलले नव्हते. तेव्हा मादाम मिशोचा त्याला फोन आला. रडत होती म्हातारी. एवढी वर्षं माझा रस्ता मोकळा केलास, देव तुला फार त्रास न देवो, म्हणाली. रोझेरनं फोन ठेवला आणि मला विचारलं, ‘डॉक्टर तुझ्याशी काही बोलले का?’

अल्डेरिक : मग?

लोरेट : मग काय, मी शपथा घेत बसले. त्याचा विश्वास बसला नाही. मी लपवतेय असंच त्याला वाटलं, शेवटपर्यंत. गेल्या रविवारी चर्चबाहेर म्हातारीला विचारलं, तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं होतं? तिनं तुझं नाव घेतलं. रोझेर पैसे घेऊन ज्यांचे रस्ते मोकळे करायचा, त्या नदीकाठच्या आठही घरी जाऊन सांगून आलास तू. रोझेर आता काही परत येत नाही म्हणून.

अल्डेरिक : दोन दिवस बर्फ थांबत नव्हता, लोरेट. खिडकीपर्यंत आला होता. तिला डायलिसिसला न्यायला गाडी यायची होती. कोणीतरी तो रस्ता काढायला नको?

लोरेट : काढायचास. ‘रोझेर येईपर्यंत मी बघतो’, एवढं बोलायला तोंड दुखत होतं तुझं?

अल्डेरिक : आणि खरंच नाही आला ना तो? मी काय खोटं बोललो?

लोरेट : पुन्हा म्हण.

अल्डेरिक : नको. तसं नव्हतं म्हणायचं मला.

लोरेट : तसंच म्हणायचं होतं. फेब्रुवारीत तुला ते ठाऊक नव्हतं. मला नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं. तुला हवं होतं ते तू बोललास.

अल्डेरिक : हो, हवी होती मला ती घरं. बटाट्याच्या गोदामातून मला जानेवारीत काढलं. हिवाळाभर बसून खाऊ काय? ‘तोपर्यंत’ म्हणालो असतो, तर ते लोक रोझेरची वाट बघत बसले असते. चुकलं माझं. बस? आता गाडीचं बोल.

लोरेट : गाडी तुला देत नाही.

अल्डेरिक : पूर्ण पैसे देतो.

लोरेट : कोणालाच देत नाही. आज सकाळपर्यंत विकायचं मनात होतं. आता मी चालवणार. आठ घरं परत हवीत मला.

अल्डेरिक : तू? पातं उचलायचं कुठलं बटण ते तरी माहीत आहे का?

लोरेट : रोझेरचा गुडघा गेल्यापासून तीन हिवाळे ही गाडी कोण चालवत होतं? तो शेजारी थर्मास धरून बसायचा. पहाटे चारला काचेआड कोण आहे ते कुणाला दिसतंय. तुलासुद्धा नाही दिसलं. हात करायचास की रस्त्यात.

अल्डेरिक : बोलला नाही कधी.

लोरेट : लाज वाटायची त्याला.

अल्डेरिक : त्या आठ घरांशिवाय माझं भागायचं नाही, लोरेट. खरंच सांगतो.

लोरेट : माझंही नाही भागायचं. संध्याकाळी एकेकाला फोन करणार आहे. ज्याला तुझ्याकडे राहायचंय त्यानं राहावं. पण तुझ्यासारखं पाठीमागून नाही करणार, म्हणून तुझ्या तोंडावर सांगतेय. आता जा.

(तो आपल्या गाडीपर्यंत जातो आणि दाराला हात लावून थांबतो.)

अल्डेरिक : मादाम मिशोकडे या उन्हाळ्यात चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधलाय. रस्त्यापर्यंत पुढे आलाय. बर्फाखाली दिसायचा नाही. पातं लागलं तर उखडेल.

लोरेट : तिनं सांगितलं नाही मला.

अल्डेरिक : तिला वाटत असेल मीच येणार. बर्फात कड कळावी म्हणून लावायच्या खुणेच्या काठ्या अजून रोवल्या नाहीत मी. गाडीत आहेत. चार देऊन जातो.

लोरेट : चार पुरायच्या नाहीत. तिचा रस्ता वळतो. सहा ठेव.