छळ झालेल्या सासूबाई

वकीलबाई : ...आणि म्हणूनच मी ठामपणे सांगते, गरीब असो की श्रीमंत, न्यायाचं दार कुणालाही, कधीही, कुठल्याही कारणाने बंद नसतं!

सासूबाई : ते आम्ही बाहेरून ऐकलं हो. पण तुमचं हे दार काही उघडत नाहीये.

वकीलबाई : कोण? अहो, कडी नाही लावलेली. लाकूड फुगलंय. खालच्या कोपऱ्यात एक लाथ घाला.

सून : थांबा आई, मी घालते. तुमचा गुडघा...

सासूबाई : सरक गं. इतक्या दिवसांत कुणाला तरी लाथ घालायची संधी मिळतेय, ती तू कशाला घेतेस? ...हं! उघडलं बघ.

वकीलबाई : या, या. उद्या कॉलेजात भाषण आहे माझं, त्याची तयारी चालली होती.

सासूबाई : चांगलं आहे भाषण. फक्त लाथेचं तेवढं त्यात घाला. मुलांना पुढे उपयोगी पडेल.

वकीलबाई : बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय निखळतो. ही घ्या. बोला, काम कुणाचं आहे?

सून : माझं. घटस्फोटाचं. दावा त्यांनी लावलाय. मागच्या तारखेला मी वकील शोधायला मुदत मागितली, न्यायाधीश म्हणाल्या ही शेवटची. परवा वकिलाशिवाय उभी राहिले तर मिस्टरांनी लिहिलंय तेच खरं धरून निकाल लागेल.

वकीलबाई : आणि या तुमच्या आई?

सून : सासूबाई.

वकीलबाई : म्हणजे... ज्यांच्या मुलाने दावा लावलाय, त्या?

सासूबाई : त्याच. मीच. हॉस्पिटलात बदलला असेल म्हणावं, तर त्या दिवशी तिथे दुसरं बाळंतपणच झालं नव्हतं.

वकीलबाई : मग आजी, तुम्हाला जरा बाहेर बसावं लागेल. समोरच्या पक्षाच्या नातेवाइकांसमोर आम्ही अशिलाशी बोलत नाही. तसा नियम आहे.

सासूबाई : आला! ऐकलंस ना गं? मी म्हटलं अजून कसा आला नाही! वकीलबाई, या गावातला एकूण एक बाक मला पाठ झालाय. कुठल्या बाकाला खिळा आहे, कुठला डुलतो, कुठल्यावर ऊन येतं, विचारा. जिथे जावं तिथे हिला म्हणतात 'आत या', मला म्हणतात 'बाहेर बसा'. आणि हो, आजी म्हणू नका. माझे दात नवे आहेत.

वकीलबाई : अहो, पण नियम तुमच्या सुनेच्या भल्यासाठीच...

सून : मॅडम, त्यांना आत राहू द्या. माझी हरकत नाही. उलट त्या नसल्या की माझंच बोलणं अडतं.

वकीलबाई : बरं. अशिलाची हरकत नसेल तर बसा. पण मला एक सांगा, परवा तारीख आणि तुम्ही आज येताय? गावात एवढे वकील आहेत.

सून : सगळ्यांकडे जाऊन आले. सगळे म्हणतात, तुमचे मिस्टर आमच्याकडे येऊन गेले. चहा घेतला, मन मोकळं केलं, सल्ला घेतला. आता आम्हाला तुमचं काम घेता येत नाही.

वकीलबाई : हो, तसा शिष्टाचार असतो. एका बाजूची गोष्ट ऐकली की दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. पण म्हणजे... सगळ्यांकडे?

सासूबाई : झाडून सगळ्यांकडे! दिवाणीवाले, फौजदारीवाले, तो जमिनीच्या मोजणीचे दावे लढवतो तोसुद्धा. एक तर मला दारात बघून फोनवर बोलायला लागला. फोन उलटा धरला होता. लहानपणी हा कार्टा वर्गातल्या सगळ्या बाकांवर स्वतःचं नाव कोरून ठेवायचा. बसायचा एकावरच. पण दुसऱ्याने बसू नये. बाई मला बोलवायच्या, मी म्हणायची, लहान आहे, सुटेल सवय. सुटली! आता वकिलांवर नावं कोरतो.

सून : आई, पाणी घ्या.

सासूबाई : मला नकोय पाणी. मला हे सांगायचंय की हा अन्याय कायद्यात बसतो कसा? एक माणूस सगळ्या वकिलांशी गप्पा मारून येतो, आणि ही बाई हिंडते दारोदार, आणि सगळे हिला अदबीने बाहेर घालवतात! शिवी दिली असती तर मला पुढे काही बोलता तरी आलं असतं. अदबीने घालवलं की काय बोलणार?

वकीलबाई : समुपदेशन केंद्रात गेला होतात का? तिथून शिफारस मिळते कधीकधी.

सून : गेलो होतो. तिथल्या साहेबांनी आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं. हातात हात द्यायला लावले. मला म्हणाले, सासू ही दुसरी आई असते. यांना म्हणाले, सून ही लेक असते. मग आमचा समेट घडवून आणला.

वकीलबाई : पण भांडण तर...

सून : आमचं नव्हतंच. ते सांगेपर्यंत त्यांनी फोटो काढला होता. भिंतीवर लावलाय. 'यशस्वी समेट'.

सासूबाई : फोटो बरा आलाय माझा. म्हणून गप्प बसले.

वकीलबाई : आणि सध्या राहता कुठे?

सून : मी कामावर होते तेव्हा त्यांनी घराचं कुलूप बदललं. आई खिडकीतून माझी बॅग देत होत्या. मग बॅगेमागोमाग स्वतःच बाहेर आल्या.

वकीलबाई : खिडकीतून?

सासूबाई : दारातून हो. दूधवाला आला तेव्हा दार उघडलं, तशी निघाले. खिडकीतून यायला मी काय मांजर आहे?

सून : महिला निवाऱ्यात गेलो. मला जागा होती, यांना नव्हती. ते म्हणाले, सासरच्या माणसांपासूनच तर आम्ही बायकांचं रक्षण करतो, सासूला आत कसं घेणार?

सासूबाई : मी म्हटलं, मग मला माझ्या मुलापासून वाचवा. तर म्हणे, त्यासाठी वृद्धांचा विभाग. वृद्धांच्या विभागात गेले, तर म्हणे, तुमचा मुलगा तुम्हाला ठेवायला तयार आहे, मग तुम्ही निराधार नाही! त्याने त्यांना आधीच कळवलं होतं. आता बोला!

सून : मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मालकांनी लॅबचा माळा दिलाय झोपायला.

सासूबाई : कवळ्यांच्या कपाटाशेजारी. सकाळी डोळे उघडावेत तर समोर सगळं गाव हसत असतं. आपल्यालाच.

वकीलबाई : कठीण आहे. तुमच्या मिस्टरांचं दुकान आहे का? टाइल्स, नळ, असलं काही?

सून : हो. ...मॅडम, ते इथेसुद्धा आले होते?

वकीलबाई : बोलताना टेबलावर बोटं वाजवतात?

सासूबाई : संपलं. चल गं. ऊठ. मी सांगत होते तुला, हा इथेही येऊन गेला असणार.

वकीलबाई : थांबा. आले होते. त्याच खुर्चीत बसले, पाय निखळतो त्या. दुकानाचं कार्ड पुढे सरकवलं आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, फी किती? म्हटलं, हे मोफत कायदा मदत केंद्र आहे, इथे फी नसते. तशी ते उठले, बोटं वाजवायची थांबवली, आणि म्हणाले, "मग चांगले वकील कुठे बसतात?"

सून : आणखी काही? दाव्याबद्दल?

वकीलबाई : अवाक्षर नाही. मी त्यांना जिना दाखवला.

सासूबाई : म्हणजे तुम्हाला आमचं काम घेता येतं?

वकीलबाई : घेता येतं? बाई, अकरा वर्षं मी या खोलीत बसतेय. फुगलेलं दार, लंगडी खुर्ची, सगळं सोसलं. पण 'चांगले वकील कुठे बसतात' हे त्या दिवसापासून माझ्या घशात अडकलंय. द्या तो दावा इकडे.

(वकीलबाई दाव्याची प्रत वाचतात. मध्येच चष्मा काढून पुसतात आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचतात.)

वकीलबाई : "प्रतिवादीने वादीच्या वृद्ध व असहाय मातेचे दात हिरावून घेतले व तिला दोन दिवस अन्नावाचून तडफडत ठेवले." हे काय आहे?

सून : खालची कवळी. उजवीकडे हिरडीला टोचत होती. किंचित घासून पुन्हा बसवायची होती, म्हणून लॅबमध्ये नेली. दोन दिवस लागले.

सासूबाई : दोन दिवस मी सूप प्यायले. मीठ जरा कमी होतं. पण त्याला छळ म्हणायचं, तर मी लग्नानंतर चाळीस वर्षं स्वतःच्या हातचं अळणी खाऊन स्वतःच स्वतःचा छळ करत आलेय. आणि 'असहाय माता' कोण? आत्ता तुमचं दार कुणी उघडलं?

वकीलबाई : पुढे म्हणतात, "सबब घटस्फोट मंजूर व्हावा, आणि प्रतिवादीने वादीच्या मातेच्या जवळपासही फिरकू नये असा मनाई हुकूम व्हावा." ताई, तुम्हाला घटस्फोट नको आहे का?

सून : हवाय. त्यांच्याहून जास्त हवाय. पण म्हाताऱ्या बाईला उपाशी ठेवणारी, हा शिक्का घेऊन नको. आणि तो मनाई हुकूम नको. लग्न संपेल ते चालेल. यांना भेटायचं नाही, हे चालणार नाही.

वकीलबाई : एक मात्र सांगायला हवं. घटस्फोट झाला की कायद्याच्या दृष्टीने तुमचं दोघींचं काही नातं उरत नाही.

सासूबाई : काय उरत नाही?

वकीलबाई : सासू-सुनेचं नातं. ते नवऱ्यामुळे असतं ना. तोच नात्यातून गेला की...

सासूबाई : वा! तो त्याच्या बायकोला सोडणार, आणि सून माझी जाणार? मला विचारलं कुणी? लग्नाच्या वेळी विचारलं होतं, मुलगी पसंत आहे का म्हणून. तेव्हा माझी पसंती लागत होती! घटस्फोट त्याने मागितलाय, हिने दिलाय. मी दिलेला नाही. मी देणारही नाही. लिहून घ्या.

वकीलबाई : असं कोर्टात चालत नाही हो.

सासूबाई : मग कोर्टाला चालायला शिकवा!

सून : आई, हळू. शेजारच्या खोलीतले डोकावतायत.

सासूबाई : डोकावू दे. त्यांनाही सासू असेल.

वकीलबाई : हे बघा, मुद्द्यावर येऊ. परवा साक्ष लागेल. छळ झाला म्हणतात ती व्यक्तीच जर उभी राहिली आणि झाला नाही म्हणाली, तर त्यांच्या दाव्यात काही जीव राहणार नाही. पण ते तुम्हाला पोटच्या मुलासमोर बोलावं लागेल.

सून : नको. आई, तुम्ही नका. मी काहीतरी दुसरं बघते.

सासूबाई : तू काय बघणार? कपाटातल्या कवळ्या? ...बोलेन मी. त्याच्याविरुद्ध नाही बोलणार. खरं काय ते बोलेन. आता ते त्याच्याविरुद्ध जातं, त्याला मी काय करू?

वकीलबाई : ठीक. राहण्याचा पत्ता लिहावा लागेल. लॅबचा माळा लिहिला तर बरं दिसणार नाही. ते भाड्याचं घर आहे का, तुमच्या मिस्टरांनी कुलूप लावलंय ते?

सून : नाही, स्वतःचं.

वकीलबाई : मिस्टरांच्या नावावर?

सासूबाई : माझ्या.

वकीलबाई : तुमच्या?

सासूबाई : माझ्या. मी शिलाई मशीनवर बसून बांधलंय ते.

वकीलबाई : घर तुमच्या नावावर आहे, आणि तुम्ही कवळ्यांच्या कपाटाशेजारी झोपता?

सून : पहिल्या वकिलांच्या कारकुनाने सांगितलं होतं, प्रकरण कोर्टात आहे, आता कशाला हात लावू नका. आम्ही नाही लावला.

वकीलबाई : अहो, कोर्टात लग्न आहे! घर नाही! इतक्या जणांकडे गेलात, एकानेही विचारलं नाही घर कुणाचं म्हणून?

सासूबाई : कसं विचारतील? घरमालकीण बाहेर बाकावर बसलेली होती.

वकीलबाई : ...खरं आहे. मीही बसवलंच असतं. बरं, ऐका. आज संध्याकाळी कुलूपवाल्याला घेऊन आपण तुमच्या घरी जायचं. मी सोबत येते, पोलीस चौकीत आधी कळवून ठेवते. परवा मनाई हुकूम आपण मागू, त्यांच्यावर. घरातून त्यांना बाहेर काढायचं असेल तर तेही मागता येईल. घर तुमचं, मर्जी तुमची. मागू?

सून : आई?

वकीलबाई : घाई नाही. पण परवा माझ्या हातात सगळं पक्कं हवं. उलटतपासणीत मी त्यांना सोडणार नाही, हे आत्ताच सांगते. दातांपासून सुरुवात करेन. सूप, मीठ, कुलूप, गावातले सगळे वकील, एकेक विचारेन. दिवसभर उभं करेन.

सासूबाई : करा. करायलाच हवं. अजिबात दया दाखवू नका. हिच्या नावावरचा तो एकेक शब्द पुसून काढा. घराबाहेर काढायचं म्हणता, तर तेही मागा. दुकानाच्या वर खोली आहे त्याची, रस्त्यावर काही पडत नाही.

वकीलबाई : झालं तर मग. आणखी काही राहिलंय का?

सासूबाई : एकच. ते दिवसभर म्हणता ना, त्यात मध्ये त्याला जेवायला तेवढं सोडा हो. उपाशी राहिला की डोकं धरतं त्याचं.