हिला कुणीही चालेल

...आणि वर रडते! तुम्हाला सांगते, रडायचं काय कारण? तो चित्रकलेचा मास्तर, सुतासारखा सरळ माणूस, आठवडाभर दुपारच्या त्या सिरियलमध्ये नुसता घसा खाकरत फिरतोय, शेवटी परवा धीर करून विचारतो, "माझ्याशी लग्न कराल?" आणि ही बया, ही थोरली, सगळे तिला थोरलीच म्हणतात, ही काय करते? मागे वळून बघते! मागे कोण उभं आहे म्हणून! अहो, मागे भिंत होती! भिंतीला विचारतोय का तो? आणि मग तोंड एवढंसं करून म्हणते, "तुमची काहीतरी गल्लत होतेय, माझी धाकटी बघा, ती छान आहे..." मी हातातली वाटीच आपटली. हिला कुणी सांगितलं हो हे? की हिला पसंत करणारा माणूस म्हणजे वाट चुकलेलाच असणार?

बरं, नाही म्हणाली ते म्हणाली, होकार कुणाला दिला? त्या गॅरेजवाल्याला! जो चारचौघांत "ए ढब्बे, इकडे ये" म्हणून हाक मारतो! आणि मैत्रिणीला सांगते कशी, "तो निदान खरं तरी बोलतो गं." म्हणजे जो गोड बोलतो तो लबाड, आणि जो लाथाडतो तो प्रामाणिक! हे कुठलं डोकं? मी सातवी शिकलेली बाई, पण मलासुद्धा कळतं, आणि हिला, कॉलेजात गेलेल्या बाईला... कुणी सांगितलं हिला?

हे मी मोठ्यानं बोलत होते. आमचे हे शेजारीच बसलेले. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, पाळी संपली की दुपारी घरी असतात. माणूस मोजकं बोलणारा. ते म्हणाले, "स्वेटर आठवतो का?"

झालं! आता स्वेटरचं इथं काय? सांगते, तेही सांगते. मी कपड्यांच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला, तपासणीला आहे. माल उलटा करायचा, शिवण बघायची, काखेत बघायचं, कॉलर दुमडून बघायची, खोट दिसली की लाल चिकटपट्टी लावायची आणि पेटीत टाकायचं. त्या पेटीतलं आम्हाला घरी न्यायला मिळतं. आमच्या घरात सगळे तेच घालतात, काय वाईट आहे? एक बाही बोटभर लांब, एवढंच. तर ह्यांनी एकदा दुकानातून माझ्यासाठी स्वेटर आणला, निळा. आणि मी काय केलं, उलटा केला. शिवण बघितली. काख बघितली. कॉलर दुमडली. "खोट कुठाय हो?" म्हटलं. "नाहीये," म्हणाले. "मग माझ्यासाठी कशाला?" ते हसले. मग मी उजेडात नेऊन परत बघितला, तेव्हा हसायचे थांबले. त्यानंतर त्यांनी मला काही आणलेलं नाही. पण हे वेगळं आहे! मी सवयीनं बघितला! त्या थोरलीसारखी मी काही कुणाला हाकलून दिलं नाही!

तर ते असो. खरी गोष्ट कालची आहे, त्यानं माझी झोप उडालीय.

आमची पोर सहा वर्षांची. जिन्यात शेजारच्या मुलीबरोबर बाहुलीचं लग्न लावत बसली होती. शेजारच्या मुलीकडे टोपीवाला बाहुला आहे, कोरा करकरीत. ती म्हणते, "हा तुझ्या बाहुलीचा नवरा." आणि आमची म्हणते... ऐका हं... आमची म्हणते, "नको गं, तो चांगला आहे. तो कशाला करेल हिला?" आणि घरातून एका डोळ्याचं अस्वल घेऊन आली, कापूस बाहेर आलेलं, आणि म्हणाली, "हिला कुणीही चालेल." बाहुलीला काय झालं होतं? काहीही नाही! नवी आहे! फक्त कपाळावर लाल चिकटपट्टी. माझ्या पिशवीतली.

मी ऐकलं मात्र, तशीच धावत आत. ह्यांना म्हटलं, "बंद करा ती सिरियल, कायमची! पोर बिघडली! त्या थोरलीचं ऐकून बोलायला लागली!"

हे म्हणाले, "सिरियल लागते तेव्हा पोर शाळेत असते."

आणि परत पेपर वाचायला लागले. अहो, भांडा तरी! शिव्या तरी द्या! पेपर काय वाचता? मी तिथंच उभी. मग हिला कुणी सांगितलं? शाळेत? शेजारी? मी सगळी माणसं एकेक करून डोळ्यांपुढं आणली. एकेकाला वगळलं, शेवटी उरलं आमचंच घर... आणि घरात आम्ही तिघंच.

मग गेले जिन्यात. तेल लावून बाहुलीची चिकटपट्टी काढली, कपाळ पुसलं. पोरीला मांडीवर घेतलं. म्हटलं, "बघ, ही चांगली आहे. एकदम चांगली. हिला कुणीही नाही चालणार, हिला चांगलाच हवा."

"आणि मी?"

"तू तर त्याहून चांगली."

"आणि तू?"

आता बोला! एक शब्द म्हणायचा होता. "मीसुद्धा." केवढासा शब्द! म्हटला मी, नाही असं नाही. हसून म्हटला.

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मग माझा हात धरून बाही उलटी केली. शिवण बघितली. मान वाकवायला लावून कॉलर दुमडली. आणि शेजारीच पडलेल्या माझ्या पिशवीत हात घातला.

काय सांगू तुम्हाला... कारखान्यात नव्या बायकांना हे काम शिकायला सहा-सहा महिने लागतात हो!