दादाच्या टाकीतला भात

चहा ओत, मग दादाच्या टाकीचं सांगतो. खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची आणि माशांची टाकी. दादा गेला आणि महिन्याभरात तिच्यात हिरवं शेवाळ माजलं. मी रोज ब्रशने घासायचो, पाणी बदलायचो, तरी पुन्हा तेच. प्रवाळ मरायला लागले. त्याने हाताने वाढवलेलं घरात एवढंच उरलं होतं.

परळला पक्याचं फिश टँकचं दुकान आहे, त्याला घरी आणला. काचेला नाक लावून तो म्हणाला, "येड्या, खायला किती टाकतोस? उरलेलं कुजलं की शेवाळ माजतं."

"दादा टाकायचा तेवढंच. चिमूटभर."

"मग दगडाखाली हा भात कुठून आला?"

मी हादरलोच. खरंच भाताची शितं होती. मी आईकडे बघितलं.

"मीच घालते दहीभात," ती म्हणाली. "दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही रे. दुसऱ्या दिवशी इथे घास टाकला, तर तो केशरी मासा लगेच आला."

मी ओरडणार होतो, पण ब्रश उचलला. 

शेवटी म्हटलं, "आई, दही नको घालूस. आणि एकच शीत टाक. शेवाळ मी घासतो."